देवघराच्या जैसलमेर दगडात शिंपले निघालेत. ठेवू की बदलून घेऊ?

जुळे सोलापूरची सून

नमस्कार. जुळे सोलापुरात आमच्या घराचं काम चालू आहे. हॉलला कोटा, ओट्याला काळा कडप्पा, मागच्या अंगणात शहाबादी, आणि देवघराच्या चौथऱ्याला तेवढा पिवळा जैसलमेर घेतलाय. ही सासूबाईंची हौस. पांढरा संगमरवर त्यांना डोळ्यांवर येतो.

काल मिस्त्रींनी चौथऱ्यावर पॉलिशचा पहिला हात मारला. मशीनचं पाणी पुसून घेतलं तर दगडात आकार दिसायला लागले. सिमेंटचे शिंतोडे असतील म्हणून नखानं खरवडून बघितले, निघेनात. मग मोबाईलचा टॉर्च आडवा धरून नीट बघितलं. डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढी एक गोल गुंडाळी आहे, बाहेरचा वेढा जाड आणि आत बारीक होत गेलेली. तिच्या शेजारी अर्धा शिंपला, त्यावरच्या उभ्या रेघा मोजता येतील इतक्या स्वच्छ. बाकी सगळीकडे पांढऱ्या वाकड्या रेघा आणि अर्धचंद्र, कुठे केसाएवढे बारीक, कुठे तांदळाच्या दाण्याएवढे जाड. दगड ओला असला की सगळं उठून दिसतं, वाळला की निम्मं लपतं.

ठेकेदार म्हणतात, "वहिनी, हा डागी माल आलाय. उद्या गाडी जातीय, बदलून आणतो." सासूबाई म्हणतात, शंख आपणहून देवघरात आलेत, हात लावायचा नाही. सासऱ्यांनी मुक्तिनाथहून आणलेला शाळिग्राम आमच्या देवात आहे, तो घेऊन त्या त्या गुंडाळीशेजारी ठेवून बघत बसल्यात. आणि मुलगा सातवीत आहे, त्याचं वेगळंच. "आई, पुस्तकात लिहिलंय की आपल्याकडचा सगळा दगड लाव्हाचा. मग समुद्र कधी आला?"

मला खरंच समजून घ्यायचंय. हे खरे शिंपले आहेत का? असले तर असा दगड कमजोर असतो का, पुढे त्यातून तुकडे निघतील का? आणखी एक, मिस्त्री उद्या ॲसिड मारून धुणार आहेत, ते मारू देऊ का? घाई आहे, गाडी सकाळी जाणार आहे.

होटगी रोड फरशीवाला

ताई, आधी दोन गोष्टी. दगड बदलू नका. आणि ॲसिड अजिबात मारू देऊ नका, मिस्त्रींना आत्ताच फोन करा. बाकीचं सावकाश वाचा.

वडिलांच्या काळापासून आमचा फरशीचा धंदा आहे, शाळेत असल्यापासून मी गाड्या उतरवून घेतोय. तुमच्या दगडातले शिंपले खरेच आहेत. जैसलमेरच्या पिवळ्या मालात ते येतातच. एखादा ठोकळा अगदी कोरा निघतो, त्याच खाणीतला शेजारचा थर शिंपल्यांनी खच्चून भरलेला. गिऱ्हाईकाला एकसारखा रंग हवा असतो, म्हणून शिंपल्यांचा माल दुकानदार बाजूला काढतो आणि त्याला डागी म्हणायची सवय लागलीय. तिकडेच हाबूर गावाचा दगड मिळतो, गडद पिवळा-तपकिरी, त्यात तर शिंपल्याशिवाय जागा नसते. तो मुद्दाम मागवून जास्त पैसे देऊन घेणारे लोक आहेत. त्याच्या वाटीत दूध ठेवलं तर विरजणाशिवाय दही लागतं असं तिकडचे लोक सांगतात. मी ते करून बघितलेलं नाही, पण वाट्या विकायला असतात हे खरं.

आता कमजोर आहे का ते. हे तुमचं तुम्हीच तपासा, ठेकेदाराच्या शब्दावर जाऊ नका. पाच रुपयाचं नाणं उभं धरून चौथऱ्यावर जागोजागी वाजवा. खणखणीत वाजलं तर दगड पक्का. कुठे बद्द आवाज आला तर तिथे खाली मसाला नीट भरलेला नाही किंवा दगडात आतून चीर आहे, तेवढ्याच जागेवर खूण करा. मग कोरड्या दगडावर, शिंपल्यांच्या अगदी वर, पाण्याचे थेंब ठेवा आणि चहा पिऊन या. थेंब तसाच राहिला तर काळजी नाही. पटकन शोषला गेला तर तिथे बारीक भोकं आहेत. ती पारदर्शक इपॉक्सीनं भरून घ्यायची आणि मग पुढचं पॉलिश. शिंपला आहे म्हणून दगड फुटला असं मी बघितलेलं नाही. फुटतो तो चिरेवर.

ॲसिडचं का सांगतो? हा दगड चुन्याचा आणि शिंपलाही चुन्याचाच. फरशी धुवायचं ॲसिड दोन्ही खातं. टाकल्याबरोबर फेस येतो. मिस्त्री म्हणतात, बघा कसा मळ निघतोय. मळ नाही तो, तुमचा दगड निघतोय. एकदा मारलं की त्या रेघा-रेघांचा शिंपला आंधळा होतो आणि तो परत आणायला वरचा सगळा थर घासून काढावा लागतो, त्यात तो असतो-नसतो. सिमेंटचे डाग असतील तर लाकडी पट्टीनं खरवडा, जास्तच चिकटले असतील तर पाणी लावून बारीक पॅडनं काढा. पॉलिशही डायमंड पॅडनंच वरच्या नंबरापर्यंत नेऊ द्या. शेवटी चमक यायला ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर फिरवतात, तीही नको.

देवघराचा दगड म्हणून एक जास्तीचं. समईखाली आणि निरांजनाखाली पितळी ताटली ठेवाच. तेल ह्या दगडात उतरतं आणि मग काढता येत नाही. कुंकवाचं पाणी तसंच. सगळ्यात जास्त चट्टे कशानं पडतात तर चिंचेनं. देवाची उपकरणी चिंच लावून घासायची आणि तशीच ओली चौथऱ्यावर मांडायची, की तांब्याच्या बुडाएवढा पांढरट गोल उठलाच म्हणून समजा. लिंबू, ताक, पंचामृत, सगळ्याची तीच गत. काम संपलं की दगड पूर्ण वाळू द्या आणि आत मुरणारा सीलर दोन हात लावून घ्या. वर थर बसणारा नको, तो पिवळा पडतो.

शहाबादी, कोटा, कडप्पा ह्यांचे मी आजवर डोंगर हाताळले असतील, पण त्यात एकही शिंपला बघितला नाही. शहाबादीच्या थरावर कधी झाडाच्या फांद्यांची काळी नक्षी येते, लोक ती वनस्पती समजून जपून ठेवतात, पण ती मॅंगनीजची उठाठेव आहे असं मला कळलंय. ह्या तिन्हीत शिंपले का नाहीत, आणि मुलानं विचारलंय ते समुद्राचं, हे इथे लिहिणाऱ्या भूशास्त्राच्या निवृत्त बाईंनीच सांगावं. मला तेही वाचायचंय.

निवृत्त भूशास्त्र

मुलाच्या प्रश्नापासूनच सुरू करते, कारण तो बरोबर ठिकाणी अडलाय. पुस्तक बरोबर आहे आणि तुमचा चौथराही बरोबर आहे. सोलापूरचा दगड लाव्हाचा, चौथऱ्याचा दगड समुद्राचा. तो समुद्र सोलापुरात नव्हता, दगड ट्रकमधून आलाय.

जैसलमेरचा हा चुनखडक साधारण 16 ते 17 कोटी वर्षांपूर्वीचा, जुरासिक काळातला. तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आफ्रिका आणि अंटार्क्टिकाच्या गोतावळ्यात. हिमालय नव्हता. जैसलमेर आणि कच्छ ह्या भागावर उथळ समुद्र चढून आला होता. तो चढून आला हे तिथल्या थरांत चक्क वाचता येतं. जैसलमेरजवळ अकल इथे दगड झालेले झाडांचे ओंडके उघड्यावर पडलेत. ते ज्या थरातले आहेत तो तुमच्या दगडाच्या खालचा, म्हणजे आधीचा. खाली जंगल, वर शिंपले. मी विद्यार्थ्यांना घेऊन तिकडे गेले तेव्हा एका बाजूला ओंडक्यावर हात ठेवला आणि थोडं पुढे जाऊन शिंपल्यांच्या थरावर. जमीन जाऊन पाणी आलं हे इतकं सरळ फार कमी ठिकाणी दिसतं. जैसलमेरचा सोनार किल्लाही ह्याच पिवळ्या दगडाचा.

शिंपल्याचा प्राणी मेला की मऊ अंग कुजून जातं, कवच चुन्याच्या चिखलात पुरलं जातं. बऱ्याच शंख-शिंपल्यांचं कवच ॲरागोनाइट नावाच्या खनिजाचं असतं आणि ते कोट्यवधी वर्षं सहसा टिकत नाही, झिरपत्या पाण्यात विरघळतं. पण तोवर भोवतीचा चिखल घट्ट झालेला असतो, कवचाच्या आकाराची पोकळी उरते आणि तिच्यात कॅल्साइटचे स्फटिक भरतात. तुमच्या चौथऱ्यातल्या काचेसारख्या चमकणाऱ्या पांढऱ्या रेघा म्हणजे असा भरलेला साचा. कालवांचं कवच मात्र मुळातच कॅल्साइटचं, त्यामुळे ते जवळजवळ जसंच्या तसं राहतं. त्याच्या कापावर पापुद्र्यावर पापुद्रे दिसतात. टॉर्चनं शोधा, जाड रेघ असेल आणि तिच्यात थर दिसत असतील तर ते बहुधा कालव. अर्धचंद्र का दिसतात? करवतीनं दगड हवा तसा कापलाय, शिंपला ज्या कोनात सापडला त्या कोनात चिरला गेला. पूर्ण शिंपला दिसणं हा नशिबाचा भाग, तुम्हाला तो मिळालाय.

आता शहाबादी. वाडीच्या लोहमार्गानं सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या येणारी ही फरशीसुद्धा समुद्राच्याच तळाचा चुन्याचा चिखल आहे. पण तो समुद्र फार जुना. कवच असलेले प्राणी पृथ्वीवर मुबलक व्हायला लागले ते सुमारे 54 कोटी वर्षांपूर्वी, आणि शहाबादचा दगड त्याच्या आधीचा. कोटा आणि कडप्पाही तसेच. समुद्र होता, पण शिंपला व्हायचा होता. म्हणून आपल्या फरशीवाल्या भाऊंनी डोंगर उपसले तरी एक सापडला नाही, आणि ह्यापुढेही सापडणार नाही. तुमच्या मुलाला सांगा, तुमच्या एका घरात दोन काळांतले समुद्र आहेत, काही शिंपल्यांच्या आधीचे आणि एक नंतरचा.

आणि खाली पायाचा दगड, तो लाव्हा. भुईकोट किल्ल्याचे बुरूज ज्याचे आहेत तोच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, जमिनीवर वाहिलेला. त्यात समुद्री जीवाश्म शोधायला जाऊ नये. खदानीत जे पांढरे, गुलाबी, सुईसुईचे खडे मिळतात ते वायूच्या पोकळ्यांत नंतर तयार झालेले झिओलाइट. लाव्ह्याखाली काय आहे असंही मुलं विचारतात. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे संशोधनासाठी 617 मीटर खोल भोक पाडलं होतं. 338 मीटर लाव्हा, मग जेमतेम काही मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक. शिंपल्यांचा समुद्र तिथेही नाही. लाव्ह्याच्या आधीचा, शिंपल्यांचा समुद्र आपल्याला जवळ बघायचा तर मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाघला जावं लागतं. नर्मदेच्या खोऱ्यातून तो आत शिरला होता आणि तिथे कालवं मिळतात.

लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये मात्र कुठे कुठे गोड्या पाण्याच्या गोगलगायी मिळतात. दोन उद्रेकांमध्ये निवांत काळ मिळाला की तळी साचायची. नागपूरजवळ टाकळीला स्टीफन हिस्लॉप ह्यांनी एकोणिसाव्या शतकात त्या गोळा केल्या. त्यातली फायसा प्रिन्सेपाय ओळखायला सोपी. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरला की बहुतेक शंखांचं तोंड उजवीकडे येतं, हिचं डावीकडे.

शेवटी त्या गुंडाळीचं. दोन शक्यता आहेत. साधा शंख, म्हणजे गोगलगायीच्या कुळातला, किंवा अमोनाइट. अमोनाइट माकूळ आणि आठपायाच्या नात्यातला, वर गुंडाळलेलं कवच असलेला. जैसलमेरच्या दगडात शिंपले पुष्कळ, अमोनाइट त्या मानानं कमी, पण कुलधऱ्याच्या बाजूच्या थरांत ते आहेत. फरक असा की शंखाची नळी आतून सलग मोकळी असते, अमोनाइटच्या नळीत आडव्या भिंती असतात, उसाच्या कांड्यावरच्या पेरांसारख्या. दगड ओला करा, टॉर्च अगदी आडवा धरा आणि आतल्या बारीक वेढ्यांत बघा. बाहेरच्या वेढ्यात भिंती दिसल्या नाहीत तरी लगेच निकाल देऊ नका.

भीमाकाठ मंगळवेढा

बाई, मध्येच विचारतो. आमचं रान भीमेला लागून आहे. मोटारीच्या खोलीसाठी खड्डा घेतला तेव्हा काळी माती संपल्यावर पिवळसर गाळ लागला, त्यात चुनखडीचे गोटे आणि पांढऱ्याधोप बारीक गोगलगायी, मूठ-मूठ. दोन शिंपले पण मिळालेत, आतून अजून चमक आहे. गावात सगळे म्हणायला लागले इथे समुद्र होता. आता तुम्ही म्हणता नव्हता. मग हे काय?

निवृत्त भूशास्त्र

दादा, हे नदीचं. शिंपला म्हटलं की समुद्र असं नसतं, आजही भीमेच्या डोहात शिंपले आहेत. पुरानं आणून टाकलेल्या गाळात ते पुरले गेले. आतली चमक अजून शाबूत आहे म्हणजे मूळचं कवच अजून बदललेलं नाही, म्हणजे वय हजारो वर्षांच्या मापातलं धरा, कोटींच्या नाही. चुनखडीचे गोटे त्या गाळातच नंतर धरतात. आपल्या कोरड्या हवेत जमिनीतलं पाणी उडून जातं आणि चुना मागे राहतो.

पण टाकून देऊ नका. नदी पूर्वी कुठून वाहायची, पाणी साचलेलं होतं की वाहतं, हे ह्या गोगलगायींच्या जातींवरून कळतं. किती फुटांवर सापडल्या ते लिहून ठेवा, खड्ड्याच्या भिंतीला टेप लावून फोटो काढा, आणि एक मूठ गाळासकट कागदी पाकिटात ठेवा. धुऊ नका. आणि वरच्या काळ्या मातीतल्या गोगलगायी त्यात मिसळू देऊ नका, त्या आजच्या असू शकतात.

जुळे सोलापूरची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. ॲसिड थांबवलं. गाडी रिकामीच गेली. ठेकेदारांना नाणं वाजवून दाखवलं, फक्त मागच्या कडेला एका जागी बद्द वाजलं, तिथे मसाला भरून देतो म्हणालेत. पाण्याचा थेंब एका जाड रेघेपाशी शोषला गेला, तिथे इपॉक्सी भरायला सांगितलीय.

आता गुंडाळी. काल रात्री मी, मुलगा आणि सासूबाई तिघं टॉर्च घेऊन बसलो. बाई, आत भिंती आहेत! मधल्या वेढ्यांत बारीक, किंचित वाकलेल्या, जवळजवळ. दोन भिंतींच्या मधली जागा पांढरी, काचेसारखी. पण बाहेरचा अर्धा वेढा अगदी वेगळा, त्यात एकही भिंत नाही आणि आत आजूबाजूच्या दगडासारखाच पिवळा माल भरलाय. मुलगा म्हणतो दोन वेगळे शंख चिकटलेत. असं असेल का?

निवृत्त भूशास्त्र

एकच आहे, आणि अमोनाइटच आहे! इतकं व्यवस्थित बघितलंत म्हणून सांगायला आनंद वाटतो. प्राणी फक्त त्या शेवटच्या, भिंती नसलेल्या भागात राहायचा. वाढला की थोडा पुढे सरकायचा आणि मागे नवी भिंत घालायचा. मागच्या बंद खोल्यांत वायू असायचा, त्यावर तो पाण्यात तरंगता राहायचा. मेल्यावर राहत्या खोलीचं तोंड उघडं, म्हणून तळाचा चिखल तिच्यात शिरला आणि पिवळा दगड झाला. मागच्या खोल्या बंद, चिखल आत जाऊ शकला नाही, म्हणून तिथे सावकाश झिरपलेल्या पाण्यातून कॅल्साइटचे पांढरे स्फटिक वाढले. मुलाला दाखवा, जिथे पिवळं संपून पांढरं सुरू होतं, ती त्या प्राण्याच्या पाठीमागची शेवटची भिंत.

सासूबाई शाळिग्राम शेजारी ठेवून बघत होत्या त्यांनाही सांगा, त्यांची नजर पक्की आहे. काली गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या शाळिग्रामातलं चक्र हेही अमोनाइटचंच. भारत आणि आशिया ह्यांच्या मधल्या समुद्राचा तळ हिमालय होताना उचलला गेला, त्या तळाच्या काळ्या थरांतले ते गोटे नदी सोडवून आणते. चौथऱ्यातला आणि देवातला, दोघं एकाच कुळातले, समुद्र वेगवेगळे. हे सगळं कूळ जवळपास त्याच काळात नाहीसं झालं जेव्हा आपल्या सोलापूरचा लाव्हा वाहत होता. शाळिग्राम फोडून, घासून बघायची काही गरज नाही, वरूनच वेढा दिसत असेल.

होटगी रोड फरशीवाला

ताई, एक राहिलं. चौथऱ्याच्या कटिंगचे तुकडे मिस्त्री भरावात टाकतात, आजच बाजूला काढून घ्या. एकाच ठोकळ्यातला माल असणार, त्यात आणखी निघतील. धारदार कडा पाण्यातल्या कागदानं मारून मुलाला द्या. 120 नंबरनं सुरू करून 400, मग 800, पाणी सोडत राहायचं, कोरडं घासायचं नाही, ती भुकटी नाकात जाऊ नये. एका तुकड्याच्या दोन कडा काटकोनात पॉलिश केल्या तर एकच शिंपला दोन्हीकडून कापलेला दिसतो. आणि बाई, आमच्या गोडाऊनला मागच्या खेपेचे जैसलमेरचे बरेच तुकडे पडलेत, आता टॉर्च घेऊन बघणारच आहे. भिंतीवाला निघाला तर फोटो टाकतो, कुठल्या थरातला ते सांगा.